तीन दिवसांचं सुतक

दादा, तुझं मला तीन दिवसांचं सुतक आलं. वहिनीला दहा, तुझ्या पोरीला, प्रणालीला, दहा, ज्या चुलतभावांशी तू बांधावरून वर्षानुवर्षं बोलत नव्हतास त्यांनाही दहा. मला तीन. तुला पोचवून माणसं परत आली, ओटीवर एकेकाच्या पायांवर पाणी पडत होतं, तेवढ्यात बाळाराम काकाने सांगून टाकलं, "सुना, तू दिल्या घरची. तुला तीनच." जणू काही मला सवलत देत होता.

सवलत मागून घेण्यात माझं आयुष्य गेलं. पनवेलच्या बाजारात घाऊक व्यापारी मला लांबून बघून भाव उतरवतात, कारण माझा आवाज चढला की त्यांची बाकीची गिऱ्हाइकं पळतात. पण ही सवलत मी मागितलेली नव्हती. ज्याच्या खांद्यावर बसून मी मिठागराचे बांध ओलांडले त्याच्यासाठी मला तीन दिवस, आणि बांध कोरणाऱ्यांना दहा. त्या दिवशी मी काकाशी भांडले नाही. आवाजच निघत नव्हता. आता निघतोय, म्हणून लिहायला बसले आहे.

लोक तुझ्याबद्दल चांगलं बोलतायत. लाँचवरचा भला माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. बोलू देत. मला तुझ्याबद्दल बोलायचं नाही, तुझ्याशी बोलायचंय. आपलं भांडण अर्धवट टाकून तू गेलास. जेट्टीवर दोरी बांधता बांधता खाली बसलास, आणि लोकांना वाटलं, दमला असेल.

ते भांडण कुठलं हे तुला सांगायला नको, पण एकदा पुन्हा ऐक.

बाबा गेले त्याच वर्षी मी बारावी पास झाले. पनवेलच्या अध्यापक विद्यालयात माझा नंबर लागला, वसतिगृहासकट. आपल्या आळीतली पहिली पोर. आईने उरणच्या बाजारातून पत्र्याची पेटी आणली, निळ्या रंगाची, आणि तिच्यावर मी स्वतः ब्रशने नाव घातलं. आत काय काय होतं ते अजून सांगू शकते. चार ड्रेस, एक चादर, ताट-वाटी-पेला, आईने भाजून दिलेला जवळा, आणि बाबांचं एक जुनं पांघरूण, कारण मला दुसऱ्या पांघरुणात झोप यायची नाही. रिक्षा नाक्यावर उभी होती. पेटी आत ठेवलेली होती. तू पहाटेची फेरी करून आलास, अंगाला डिझेलचा वास, आणि कुणाला काही न विचारता पेटी उतरवलीस. रिक्षावाल्याला हातानेच जा म्हणालास. पेटी घरात नेऊन आईच्या खाटेखाली सरकवलीस.

"बाय, आय एकटी हाय. नाय जायचं."

बस. दोन वाक्यं. मला जायचंय का, हे तू विचारलं नाहीस. आईनेही नाही. ती चुलीपाशी पाठ करून बसली होती. मी ओरडले, ताट फेकलं, दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी जेवले. नंतर त्या पेटीत आपण सुकट ठेवायला लागलो.

आणि आई एकटी कुठे होती? तू होतास. त्याच मार्गशीर्षात तू लग्न करून वहिनीला आणलंस. पुढच्या वैशाखात मला पनवेलला देऊन टाकलंत. तेव्हा नाही आई एकटी पडली? हे मी तुला किती वेळा विचारलं असेल. भाऊबीजेला ओवाळता ओवाळता विचारलं. जमिनीच्या कागदावर बहिणींच्या सह्या घ्यायला काका आला, "दिली लेक परकी" असं म्हणाला आणि मी सही केली, त्या दिवशी घराबाहेर उभी राहून विचारलं. आईच्या शेवटच्या आजारपणात इस्पितळाच्या जिन्यात विचारलं. तू प्रत्येक वेळी मान खाली घालून एकच म्हणालास, "जाव दे ना बाय."

मी सौदा करणारी बाई आहे. समोरच्याने भाव सांगितला की मला पुढे काय करायचं ते कळतं. 'जाव दे' हा काही भाव नाही. त्याच्यावर काय बोलायचं ते मला कधी कळलं नाही.

तू वाईट नव्हतास. हेच तर अवघड आहे. लग्नानंतर यांची गिरणी बंद पडली आणि मी पनवेलच्या फुटपाथवर प्लास्टिकच्या बादल्या घेऊन बसले, तेव्हा सासरच्यांना लाज वाटली, माहेरच्यांना लाज वाटली. तुला वाटली की नाही, माहीत नाही. पण पालिकेची गाडी माझा सगळा माल उचलून घेऊन गेली त्या दिवशी तू लाँच सोडून आलास. दिवसभर त्या कार्यालयाच्या बाकावर माझ्याशेजारी बसलास. मी साहेबाशी भांडत होते, हात जोडत होते, पुन्हा भांडत होते. तू एक शब्द बोलला नाहीस. संध्याकाळी माल सुटला तेव्हा डोक्यावर बादल्यांची चवड घेऊन माझ्या पुढे चालत राहिलास, भर बाजारातून, खलाशाच्या मळक्या गंजीत. मागून मला फक्त बादल्या आणि तुझे पाय दिसत होते. त्या दिवशी मी भांडण मिटवायला हवं होतं असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. बादल्या वेगळ्या, पेटी वेगळी.

त्या फुटपाथचं दुकान झालं. आणि माझं नशीब बघ. खारघरला, नवीन पनवेलला एकेक कॉलेज उघडत गेलं आणि माझा निम्मा धंदा वसतिगृहाच्या पोरांवर चालायला लागला. पावसाळ्याच्या तोंडाला गाड्या भरून आईबाप येतात, जळगावचे, लातूरचे, सोलापूरचे. मी त्यांना सांगते, बादली झाकणाची घ्या, न्हाणीघराची फरशी ओली असते, झाकणावर कपडे ठेवता येतात. चादर गडद रंगाची घ्या. दोरी नायलॉनची नको, गाठ सुटते. आया उगाच जास्त घेतात, बाप उगाच कमी. शेवटी प्रत्येक बादलीवर, मगावर मी ऑइलपेंटने पोराचं नाव घालून देते, कारण वसतिगृहात बादली सगळ्यात आधी बदलते. किती पोरींची नावं घातली असतील. प्रत्येकीची पेटी कुणी न उतरवता पोचली.

आणि मग तुझा फोन आला.

"पोरीला नर्सिंगला घेतलीय खारघरला. पयल्या वर्षी वसतिगृहात राहावंच लागतं, नायतर प्रवेश नाय. सामान तुज्याकडनंच घेतो."

मी म्हटलं, "तुझ्या पोरीला वसतिगृह? मग तिची आय एकटी पडेल ना."

लाँचचं इंजिन तेवढं ऐकू येत होतं. मग म्हणालास, "मंगळवारी येऊ काय?"

आलात. एवढ्या वर्षांत दुकानात तू पहिल्यांदा आत आलास, नाहीतर रस्त्यावरूनच हाक मारायचास. "शेठाणी, हायेस काय?" त्या दिवशी चप्पल बाहेर काढून आत आलास, देवळात यावं तसा. प्रणाली उड्या मारत होती. हे घेऊ का, ते घेऊ का. मी तिला दुसऱ्या कुठल्याही गिऱ्हाइकासारखं सगळं सांगितलं. तू घासाघीस करशील म्हणून मी वाट बघत होते. केली असतीस तर मी भांडले असते, आणि त्या भांडणात बाकीचंही निघालं असतं. तू म्हणालास, "तू देशील तेच बरोबर."

मग मी बादली मांडीवर घेऊन तिचं नाव घालायला लागले. तू वाकून बघत होतास. बराच वेळ.

"बाय, तुजं अक्षर अजून तसंच हाय."

दादा, एवढं जवळ तू कधीच आला नव्हतास. मला कळलं, तुलाही कळलं. आणि मी काय म्हणाले? "बादल्यांवर चालतं." तू हसायचा प्रयत्न केलास, जमलं नाही, आणि फळीवरचं कुलूप उचलून उगाच चालतं का ते बघायला लागलास. सामान मी दुकानातच ठेवून घेतलं. खारघर दुकानापासून जवळ, उगाच उरणपर्यंत न्यायचं आणि परत आणायचं कशाला. तुम्ही दोघं रिकाम्या हातांनी स्टँडकडे गेलात. मी तुमच्याकडे बघत उभी राहिले नाही, दुसरं गिऱ्हाइक आलं होतं.

ते तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं.

तुला नेलं त्या रात्री बायकांच्या घोळक्यात प्रणाली माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. उठली नाही, रडली नाही, नुसती डोळे उघडे ठेवून पडली होती. तिची वसतिगृहाची तारीख सुतकात येत होती. दहाव्याच्या आत. त्या दिवशी हजर नाही झालं तर खाट पुढच्या मुलीला, आणि खाट गेली की प्रवेश गेला. हे तिने मला कानात सांगितलं, दुसऱ्या कुणाला सांगायची तिला भीती वाटत होती. बाप गेलाय आणि ही वसतिगृहाचं बोलते, असं कुणी म्हणेल म्हणून.

काकाला मी विचारून बघितलं. सुतकातली पोर घराबाहेर पडत नाही, दुसऱ्याच्या वास्तूत पाय ठेवत नाही, कुणाला शिवत नाही. बापाचं पहिलं कार्य व्हायच्या आत पोर उंबरा ओलांडते, हे आपल्यात झालेलं नाही, असं त्याने ठासून सांगितलं. वर म्हणाला, "आनी खारघर म्हंजे काय इलायत हाय? एस्टीनं जावं, एस्टीनं यावं. वसतिगृह कशाला?" मी नियम समजावला, तर त्याने हात झटकला. वहिनी भिंतीला टेकून बसली होती. मी फोन करून कॉलेजला विचारलं. तिकडून एका मुलीने यंत्रासारखं सांगितलं, नियम सगळ्यांना सारखा.

तेव्हा माझ्या डोक्यात तो आकडा आला. तीन.

चौथ्या दिवशी मी डोक्यावरून अंघोळ केली आणि पनवेलला जाऊन दुकान उघडलं. समोरचा फरसाणवाला म्हणाला, "ताई, इतक्यात?" मी म्हटलं, आमच्यात दिलेल्या लेकीला तीनच. त्याने बायकोकडे बघितलं. त्या दोघांनी काय विचार केला असेल तो करू दे. पाचव्या दिवशी, म्हणजे तिच्या तारखेलाच, प्रणालीचं सगळं सामान टेम्पोत टाकून मी खारघरला गेले. ते सामान सुतकाच्या घरात गेलेलंच नव्हतं. आणि मी सुटलेली होते. काकाच्याच नियमाने.

ओवे गावाच्या बाजूला, टॉवर संपतात तिथे आहे ते वसतिगृह. कचेरीपर्यंत पुरुष, पुढे फक्त बायका. रेक्टरबाई माझ्याच वयाच्या, नाकावर चष्मा, आवाज खालचा. कचेरीबाहेरच्या बाकावर एक माणूस आणि त्याची पोर बसलेली, पायाशी बॅग, मांडीवर लाडवांचा डबा. बोलण्यावरून परभणीकडचे वाटले. कुठली खाट सुटते का, म्हणून सकाळपासून बसले होते. म्हणजे प्रणालीच्या खाटेवर त्यांची नजर होती.

धंद्याचा पहिला नियम, आपली गरज दाखवायची नाही. मी खुर्चीत बसले आणि सामान आलंय, खोली दाखवा असं म्हटलं, जणू काही अडचण नाहीच. रेक्टरबाई म्हणाल्या, मुलगी? मी म्हटलं, येईल आठवड्याने, मी पालक आहे, मी हजर आहे. त्या म्हणाल्या, मुलगी स्वतः हवी. मी म्हटलं, तुमच्या वसतिगृहातल्या निम्म्या मुलींच्या बादल्यांवर माझं अक्षर आहे, खोटं बोलून मी कुठे जाणार? त्या हसल्या, पण मान हलवली. मी आवाज थोडा चढवला. त्यांचा चढला नाही. आजारी आहे का मुलगी? नाही. लग्नकार्य आहे का? नाही. मग काय कारण आहे?

मी थांबले. कारण होतं, दादा. सगळ्यात भारी कारण माझ्याकडे होतं आणि मी ते तासभर पदराखाली दाबून बसले होते. तुझं मरण मी त्या टेबलावर ठेवायला तयार नव्हते. चार दिवसांत मी ते वाक्य तोंडाने एकदाही म्हटलेलं नव्हतं. नातेवाइकांना दुसऱ्यांनी फोन केले, फरसाणवाल्याला आधीच कळलेलं होतं. आणि ते पहिल्यांदा कुठे म्हणायचं? एका खाटेच्या सौद्यात?

बाकावरची पोर आत बघत होती.

मी म्हटलं, "तिचा बाप गेला. माझा भाऊ. तिला सुतक आहे."

रेक्टरबाईंनी चष्मा काढला. मग विचारलं, "सख्खा भाऊ?"

"सख्खा."

"मग तुम्हाला नाही का सुतक?"

"मी दिलेली. मला तीन दिवस. काल सुटलं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. चष्मा हातातच होता. "मलाही तीनच होते," त्या म्हणाल्या. "वडिलांचे." मग त्यांनी शिपाईबाईला हाक मारून किल्ली मागवली. तेरावं झालं की मुलगी पाठवा, तोवर खाट तिची, सामान लावून जा, असं सांगितलं. आणि उठून बाहेर गेल्या, बाकावरच्या माणसाशी बोलायला. तो माणूस उभा राहिला, त्याने बॅग उचलली. पोरीने लाडवांचा डबा पिशवीत ठेवला. मी तिकडे बघायचं टाळलं, पण दिसायचं ते दिसलं.

अशी मिळाली खाट. तू ज्या दिवशी माझी पेटी उतरवलीस त्या दिवसाची भरपाई तू अशी केलीस असं म्हणायला मी मोकळी आहे, पण म्हणणार नाही. भरपाई जिवंत माणूस करतो. इथे मी तुला विकलं आणि पोरीची जागा घेतली. चांगला सौदा झाला. सामान मी एकटीने जिन्यावरून वर नेलं.

तुझं दहावं झालं, तेरावं झालं. मला वाटलं होतं, किल्ली दाखवली की विषय मिटेल. मिटला नाही. तेराव्याच्या पंगती उठल्यावर ओटीवर सगळे बसले आणि काकाने ते वाक्य काढलं. दादा, शब्दही तेच.

"पोरीची आय एकटी हाय. आता नाय जायचं."

मला हसू आलं, खरं सांगते. इतकी वर्षं झाली, आणि या घराला दुसरं वाक्य सुचलेलं नाही. मी उभी राहिले, तोंड उघडणार, तेवढ्यात वहिनी बोलली. तेरा दिवसांत पहिल्यांदा, आणि काकाशी नव्हे, माझ्याशी.

"सुनाबाय, तुमीपण राहिलात ना तेव्हा घरी. काय वाईट झालं तुमचं? दुकान हाय, मान हाय. माज्याकडे आता काय हाय?"

मी पुन्हा खाली बसले. वहिनीच्या डोळ्यांत कपट नव्हतं. तिला खरंच विचारायचं होतं. ती या घरात आली तेव्हा मी आत खाटेवर पाठ करून पडलेली असायचे, तिने माझं तेवढंच बघितलेलं. तिच्या लेखी मी चिडकी नणंद, जी पुढे श्रीमंत झाली. काय वाईट झालं ते मी तिला कसं सांगणार होते? फुटपाथवर पाच वर्षं बसले हे सांगू? की एखादी शाळेतली बाई दुकानात येऊन खडूच्या हाताने रुमाल निवडते, तेव्हा मला तिला विनाकारण झापावंसं वाटतं, हे सांगू? आणि तिची भीती खोटी नव्हती. रात्री त्या घरात तिला एकटीलाच दिवा मालवायचा होता.

मी प्रणालीकडे वळले. सगळ्यांसमोर तिला विचारलं, जायचंय का. मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, म्हणून तिला विचारला. ती आधी आईकडे बघत राहिली. मग म्हणाली, "जायचंय." आणि तेव्हा ती रडली, तू गेल्यानंतर पहिल्यांदा, जोरात, लहान पोरीसारखी.

मग मी माझा भाव सांगितला. समोरच्याला 'आई एकटी' ही वस्तू हवी असेल तर तीच वस्तू द्यायची, दुसऱ्या कुठल्या मालावर सौदा होत नाही.

"मी राहते हितं. वहिनीजवळ. पोरीची पहिली परीक्षा होईस्तोवर."

काका म्हणाला, "दिल्या घरची बाई भावाच्या घरी? लोक काय बोलतील?"

"काका, परक्या बाईला कुठंही राहता येतं. तुमचे नेम मला तीनच दिवस लागतात."

कुणीतरी हसलं. काकाने पान लावायला घेतलं, म्हणजे सौदा झाला. वहिनीने माझ्याकडे बघितलं नाही, पण रात्री माझ्यासाठी खाट घातली. आईचीच खाट. यांना फोन केला तर म्हणाले, राहा, तू येईपर्यंत दुकान मी बघतो. यांना बादलीतलं काही कळत नाही, पण माणूस बरा आहे.

तेव्हा ऐक. तू मला या घरात थांबवलंस आणि आता तू नाहीस म्हणून मी पुन्हा इथेच थांबले आहे. पहिल्या वेळी तू अडवलंस. या वेळी मी स्वतः ठरवलं, एवढाच फरक. तो फरक मला पुरेल असं वाटलं होतं. अजून तरी पुरत नाही. पहाटे पहिल्या लाँचचा भोंगा ऐकू येतो, वहिनी दचकून उठून बसते, मी झोपल्याचं सोंग घेते. सकाळी आम्ही दोघी चहा पितो आणि मिरचीच्या भावावर बोलतो. मग मी एसटीने पनवेलला दुकानात जाते.

प्रणालीला मी सोमवारी सोडलं. वहिनी फाटकापर्यंत आली, तिथेच थांबली. वर आली नाही. पाय उचलत नाही म्हणाली. मी पोरीला वर नेलं. तिसरा मजला, खिडकीजवळची खाट. बाकीच्या दोघी मुली वर्गात गेल्या होत्या. मी तिला कपाटाची कडी दाखवली, पाणी कधी येतं ते सांगितलं, बाथरूमचा नळ कुठला बरा आहे तेही सांगितलं, कारण तो मी आधीच बघून ठेवला होता. ती हो हो म्हणत होती. मग खाटेवर बसली, जरा आडवी होते म्हणाली, आणि पडल्या पडल्या झोपली. बुटांसकट. तू गेल्यापासून ती पोर धड झोपलेली नव्हती, दादा. रात्रीची कधीही बघावी तर डोळे उघडे. आणि इथे भर दुपारी, अनोळखी खोलीत, तोंड उघडं टाकून झोपली.

मी तिचे बूट काढले. समोरच्या खाटेवर बसले.

थोड्या वेळाने रेक्टरबाई दारात आल्या. पालकांची वेळ संपली होती. मी घासाघीस केली नाही. तासभर झोपू द्या, एवढंच म्हटलं. त्यांनी आत बघितलं आणि दार अर्धं लोटून गेल्या.

तो तास मला मिळाला. मी मुलींच्या वसतिगृहात, खाटेवर, खिडकीशी बसलेली. खाली मैदानात कुणीतरी कुणाला हाका मारत होतं. मी तुला सगळं बोलले. पेटीचं, रिक्षाचं, आई एकटी नव्हती त्याचं, काकाचं, तीन दिवसांचं. पहिल्यांदाच असं झालं की तू 'जाव दे' म्हणाला नाहीस. तुझ्या बाजूने काहीच आलं नाही. मला राग येत होता, अजून येतोय, आणि तो उतरेल असं मला दिसत नाही.

पण तुझी पोर झोपली होती, दादा. म्हणून मी आवाज चढवला नाही.